उत्तराला पाय असतात

"हाक मारली की थांबायचं. उत्तराला पाय असतात, पंख नसतात."

चुन-मोई हे कुणालाही ऐकवायची. आ-मानच्या टपरीवर दुसऱ्यांदा ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला, नवरा फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालणाऱ्या शेजारणीला, देवळात एक कौल टाकून लगेच दुसरा टाकणाऱ्या म्हातारीला. श्याक-खाम गावातल्या पोरांनाही ते वाक्य पाठ होतं. चेंडू मागताना पोरं ते तिच्याच आवाजात म्हणत, जरा घोगरं, शेवटच्या शब्दावर खाली उतरणारं.

दिवसा ती तळ्यातली भाजी काढायला जायची. आमच्याकडे थंडीत ही भाजी जोरात निघते. छातीभर पाण्यात उभं राहायचं, पायानं देठ चाचपायचा आणि मुळापासून ओढायचा. देठ माणसाच्या उंचीहून लांब. बायका रबरी पोशाख चढवून ओळीनं उभ्या राहतात आणि सारख्या बोलत राहतात, कारण बोलणं थांबलं की थंडी आत शिरते. चुन-मोई बोलायची नाही, गुणगुणायची. घरी येऊन, पाय शेकत, तेच गाणं गिटारीवर पुरं करायची. असं करत करत तिनं तीन संग्रह काढले. पहिली कॅसेट, मग दोन सीड्या. सगळी गाणी आमच्या हक्का बोलीतली, एक बाई आणि एक गिटार.

गाणी चांगली होती. हे गाव कबूल करायचं, पण पुढं एक 'पण' असायचा. प्रत्येक गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये ती गप्प व्हायची. गिटारही गप्प. ऐकणाऱ्याला वाटे, यंत्र बिघडलं. कितीतरी लोकांनी सीडी दुकानात परत नेऊन दिली. रेडिओवरच्या एकानं ती शांतता कापून गाणं लावलं, तर चुन-मोई बस धरून शहरात गेली, त्याच्या टेबलावरची सीडी उचलली, पिशवीत टाकली आणि एक शब्द न बोलता परत आली. त्यानंतर रेडिओवर तिचं गाणं लागलं नाही.

"अगं, एवढंसं कापलं तर काय बिघडलं?" आ-मानच्या बायकोनं विचारलं होतं.

"तुझ्या घराचं दारही एवढंसंच आहे ना? ते भिंतीत चिणून टाकलं तर चालेल?"

त्या मोकळ्या जागेचं कारण जुन्या माणसांना ठाऊक होतं. आमच्या डोंगरात गाणं एकट्याचं नसतं. खाली शेतातून कुणी एक कडवं सोडतं, वर बांबूच्या बनातून कुणी दुसरं परत पाठवतं. आधी गाणाऱ्यानं थांबायचं आणि ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचंच, समोरचा वैरी असला तरी. न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. आणि उत्तर किती उशिरा आलं, त्यावरून गाणारा किती लांब आहे हे कळतं. डोळे मिटून म्हातारी माणसं सांगायची, हा ओढ्यापाशी आहे, हा दुसरा कडा चढून गेलाय.

चुन-मोईला उत्तर द्यायचा तिचा थोरला भाऊ, खिम-गो. गो म्हणजे दादा. तिच्यामुळं सगळं गावच त्याला दादा म्हणायला लागलं होतं. वर डोंगरात त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. एका साली वादळाची खबर आली तेव्हा तो सकाळीच पेट्या दोरांनी बांधायला वर गेला. ती खाली तंबाखूच्या रोपांत होती. तिनं कडवं टाकलं, त्याचं उत्तर आलं. तिनं दुसरं टाकलं, त्याचंही आलं, जरा उशिरा. तिनं तिसरं टाकलं आणि थांबली. वारा सुटला तरी थांबली. पाऊस आडवा यायला लागला तेव्हा आईनं दंडाला धरून तिला घरात ओढलं.

वादळानंतर अर्धा डोंगर खाली आला होता. पेट्या सापडल्या, दोर सापडले, माणूस सापडला नाही. आई म्हणाली, "मेला हे कुणी पाहिलं?" म्हणून त्याच्या जिवाला वाटेवरून घरी बोलावून आणायचा विधी झाला नाही, आणि पूर्वजांच्या देवघरातल्या नावांच्या फळीवर त्याचं नाव चढलं नाही. पुढं आई गेली. तिचं नाव चढलं. गावची मोठी माणसं चुन-मोईला म्हणाली, आता तरी विधी करून टाक, मोकळी हो. ती म्हणाली, "तिसऱ्या कडव्याचं उत्तर यायचंय अजून."

वादळ झालं तेव्हा आ-मान शाळेत होता. आता त्याची तांदळाच्या रुंद शेवयांची टपरी आहे आणि केस कानशिलांवर पांढरे झालेत. शाळेच्या बँडपासून त्याला ढोल-ताशांचा नाद. चुन-मोईची गाणी तो पहाटे पीठ वाफवताना लावायचा, त्यामुळं ती त्याच्या डोक्यात कमी आणि हातात जास्त मुरली होती. पहिल्या कॅसेटवरच्या मोकळ्या जागेत त्याचा एक वाडगा भरून व्हायचा. दुसऱ्या संग्रहातल्या जागेत वाडगा भरून वर कांद्याची पात आणि तळलेला लसूण पडायचा. तिसऱ्यात वाडगा गिऱ्हाइकापुढं ठेवून, दोन शब्द बोलून, परत चुलीपाशी येता यायचं. त्याला वाटायचं, ताईचं वय वाढतंय, माणूस संथ होतोच.

एका थंडीत चुन-मोई टपरीवर आली, गळ्याला जाड रुमाल गुंडाळून.

"आ-मान, तुझे ड्रम विकलेस का रे?"

"कोण घेतंय ताई? मोठ्या ड्रममध्ये कोंबडी अंडी घालते."

"कोंबडीला दुसरं घर बघ. माझी जुनी गाणी पुन्हा करायचीत. सगळा बँड घेऊन."

आ-मानची बायको हसली. "आत्ता? सगळे म्हातारपणी दातांची कवळी करतात, तू बँड करतेस?"

चुन-मोईही हसली. मग रुमाल सैल करून तिनं गळ्यावर बोट ठेवलं. "इथं गाठ आहे. नव्या वर्षाआधी कापणार. डॉक्टर म्हणतो, आवाज राहील. हाच राहील असं नाही."

"राहिला म्हणजे झालं की."

"दुसराच आवाज झाला तर तो ओळखणार कसा?"

तो म्हणजे कोण, हे दोघांनीही विचारलं नाही. चुलीवर पाणी उकळत होतं.

"आणि एकटीचा आवाज आता पोचत नाही," ती म्हणाली. "तो फार लांब गेलाय. चौघांनी मिळून हाक मारली तर पोचेल."

चौघं अशी झाली. ती आणि तिची गिटार. ड्रमवर आ-मान. सनईवर युन-सुक, सुक म्हणजे काका, पण तो गावाच्या आजोबांच्या वयाचा. लग्नाला सनईला लाल फडकं बांधून तो पुढं चालायचा, प्रेताला पांढरं बांधून. चौथा यी-शेंग, शहरातला, तिची सीडी परत न करणारा एकमेव गिऱ्हाईक असं ती त्याला चिडवायची. बास गिटार तो वाजवणार होता आणि रेकॉर्डिंगही तोच करणार होता.

जागा ठरली तिच्या घरामागचं भट्टीघर. पूर्वी तिथं तंबाखूची पानं शेकून वाळवायचे. आता तंबाखू कुणी लावत नाही, पण जाड मातीच्या भिंतींना अजून तो वास आहे आणि आत बोललेलं बाहेर जात नाही. रेकॉर्डिंग दुपारी करायचं, कारण अंधार पडला की कालव्यातले बेडूक कुणाला गाऊ देत नाहीत.

पहिल्याच दिवशी यी-शेंगनं विषय काढला. "ताई, एवढा बँड आहे. या मोकळ्या जागेत सनई भरू या का? नाहीतर ऐकणारा जांभई देईल."

"देऊ दे. जांभई देतानाही माणूस थांबतोच ना?" मग ती सगळ्यांकडे वळली. "आधी जेवढं जोरात वाजवता येईल तेवढं वाजवा. मग माझ्याबरोबर एकदम थांबा. तिथं कुणी काही वाजवायचं नाही. खोकायचंही नाही."

"पुन्हा सुरू कधी करायचं?" आ-माननं विचारलं.

"माझ्या हनुवटीकडे बघ. ती उचलली की."

ते वाजवायला लागले, आणि मातीच्या भिंती जणू पोटातून बोलायला लागल्या. जी गाणी गावानं विहिरीतल्या पाण्यासारखी ऐकली होती ती आता पुराच्या पाण्यासारखी आली. युन-सुकची सनई तिच्या आवाजाच्या खांद्यावर बसून वर वर जायची. मग सगळं एकदम तुटायचं. शांततेत आ-मान तिच्या हनुवटीकडे बघत बसायचा आणि त्याचा हात मनातल्या मनात वाडगा भरायचा. भरून झाला, पात पडली, वाडगा ठेवला, दोन शब्द बोलले, परत आला. हनुवटी उचलली. तिसऱ्या संग्रहाइतकंच.

दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात तो चुलीपाशी परत येताना वाटेतच होता तेव्हा हनुवटी उचलली गेली. काठी हातातून सुटता सुटता राहिली.

"ताई, आज घाई केलीस."

"मी कशाला घाई करू? आला वेळ तेव्हा उचलली."

त्याच दुपारी गिटारीच्या मानेवर एक मधमाशी येऊन बसली. जवळपास कुठं फूल नव्हतं, दार बंद होतं. चुन-मोईनं तिला हाकललं नाही. पुढच्या दिवशी मूठभर आल्या. मायक्रोफोनच्या तारेवर ओळीनं बसल्या, आणि बँड थांबला की त्याही पंख थांबवायच्या. यी-शेंग म्हणाला, बरंय, आवाजात येत नाहीत. पण त्यानं कानावरची यंत्रं काढली आणि दंड चोळले.

त्या दिवशी आ-मानचा वाडगा फक्त भरून झाला. पात पडायच्या आत हनुवटी वर.

घरी जाताना त्यानं युन-सुकला गाठलं. म्हातारा कालव्याच्या कडेनं सनई काखेत मारून चालला होता.

"सुक, एक विचारू? ताईची थांबायची जागा रोज आखडतेय. जुन्या संग्रहांत ती दर वेळी वाढत गेलीये. मी पीठ वाफवताना ऐकलीये, चुकणार नाही."

युन-सुक थांबला. डोंगराकडे त्यानं पाठ केली होती, ती तशीच ठेवली.

"तुला आज कळलं होय? मला पहिल्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं तो लांब लांब जात होता. आता त्यानं तोंड इकडं फिरवलंय." त्यानं कालव्यात थुंकलं. "येतोय तो."

"मग ते चांगलं की वाईट?"

"मी सनई वाजवतो, पोरा. लग्नाला बोलावलं तर लग्नाला जातो, मयताला बोलावलं तर मयताला. यजमानाला कधी विचारत नाही."

असं म्हणाला खरा, पण म्हातारा भ्याला होता. आणि भ्यालेल्या माणसाचे हात जुन्या सवयीनं चालतात. पुढच्या दुपारी ते सगळ्यात जुनं गाणं करत होते, वादळाच्या सकाळचं तिसरं कडवं असलेलं:

वरच्या बनातल्या दादा, दोर किती बांधलेस?
भाताला आली वाफ, अजून कसा थांबलास?

बँड तुटला. शांतता पडली. माश्या थांबल्या. आणि त्या शांततेत युन-सुकच्या सनईतून दोन ओळींचं उत्तर बाहेर पडलं. त्यानं ठरवून वाजवलं नव्हतं. आयुष्यभर कुणाचं कडवं त्यानं बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या बोटांत ते असतंच. सूर संपला तेव्हा कुठं त्याला कळलं, आणि त्यानं सनई अशी खाली ठेवली की जणू ती चटका देत होती.

"वा!" यी-शेंग म्हणाला. "हेच म्हणत होतो मी!"

चुन-मोई म्हाताऱ्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सुक, उत्तर तुम्ही दिलंत," ती हळू म्हणाली. "आता त्याला वाटेल, हिचं भागलं. तो कशाला येईल?"

तारेवरच्या माश्या एक एक करून उठल्या आणि छताच्या धुराड्यातून निघून गेल्या.

ते गाणं त्यांनी पुन्हा घेतलं. बँड थांबला. आ-माननं वाडगा भरला, ठेवला, बोलला, परत आला, दुसरा भरला, तिसरा भरला. हनुवटी उचलली जाईना. तिच्या गळ्यातली शीर तेवढी हलत होती. शेवटी तिनंच गिटार खाली ठेवली आणि बाहेर गेली. दुसऱ्या सकाळी तिनं चौघांसाठी भात टाकला आणि सांगितलं, "आजचा दिवस. उद्या दवाखान्याची गाडी यायचीये."

युन-सुक त्या दिवशी उशिरा आला. सनईला लाल फडकं नव्हतं, पांढरं नव्हतं, काहीच नव्हतं. तो चुन-मोईसमोर उभा राहिला, सनईच्या तोंडातली पत्ती काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पत्तीशिवाय सनई म्हणजे नुसती लाकडाची नळी. मग दारात जाऊन, डोंगराकडे तोंड करून, त्यानं फाटक्या आवाजात बोलून सांगितलं, जसं चुकून दुसऱ्याच्या ताटावर बसलेला माणूस उठताना सांगतो:

"खिम! कालचं उत्तर माझं होतं रे. म्हातारपणाची खोड. तुझं नव्हतं. ती अजून थांबलीये."

डोंगर काही बोलला नाही. यी-शेंग हसला नाही, हे त्यानं चांगलं केलं.

मग तिघांनीच गाणं धरलं. सनई नव्हती म्हणून आ-मान जिवाच्या करारानं बडवत होता आणि यी-शेंगचा बास जमिनीतून तळपायात चढत होता. चुन-मोई गायली, आणि आ-मानला तो आवाज शेवटचा आहे हे विसरता येईना.

भाताला आली वाफ, अजून कसा थांबलास?

थांबले. वाडगा भरला. दुसरा भरला. धुराड्यातून येणारा उन्हाचा चौकोन भिंतीवरून जमिनीवर उतरला, जमिनीवरून तिच्या पायांवर चढला. आ-मानचे खांदे भरून आले, पण काठ्या त्यानं वरच धरल्या. किती वाडगे झाले ते त्यानं सोडून दिलं. दारापाशी युन-सुक डोळे मिटून उभा होता, डोकं एका बाजूला कललेलं, जुन्या माणसांचं अंतर ऐकताना कलतं तसं. एकदा तो पुटपुटला, "दुसरा कडा." बऱ्याच वेळानं, "ओढा." मग त्यानं एकदम डोळे उघडले आणि दारातून बाजूला सरकला, कुणाला आत यायला जागा द्यावी तसा.

भट्टीघरात मेणाचा वास आला. ओल्या मातीचाही, पाऊस नसताना.

हनुवटी वर उचलली गेली. आ-मानच्या काठ्या पडल्या, बास आला, आणि चुन-मोई गायली. पण ते पुढचं कडवं नव्हतं. तीन संग्रहांत कुठंच नसलेलं, कुणीच कधी न ऐकलेलं कडवं होतं:

दोर बांधून झाले गं, पायवाट वाहून गेली.
भात झाकून ठेव, माझी सगळी वाट चालून झाली.

आवाज तिचाच होता. फक्त तो नेहमीसारखा वर जात नव्हता. वरून खाली येत होता.

तिनं शेवटचा सूर तुटू दिला. कुणी हललं नाही. यी-शेंगच्या यंत्राचा लाल दिवा चालू होता. पुढं त्यानं ते रेकॉर्डिंग पुष्कळदा ऐकलं आणि आ-मानला सांगितलं की मधल्या जागेत काही नाही, एक श्वाससुद्धा नाही. चार माणसं खोलीत असताना एकाचाही श्वास कसा नाही, एवढंच त्याला कळत नाही. ती जागा त्यानं कापली नाही. सीडी आली तेव्हा लोकांनी ती पुन्हा दुकानात परत नेऊन दिली.

पण त्या दुपारी चुन-मोईनं गिटार भिंतीला टेकवली, गळ्याचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि आ-मानच्या पाठीवर थाप मारली.

"कोंबडीला तिचं घर परत दे आता."

"ताई, चहा तरी घेऊन जा."

"भात झाकून आलेय," ती म्हणाली आणि बाहेर पडली. सनईची पत्ती तिच्या मुठीत तशीच होती. युन-सुकनं ती मागितली नाही.

घर मागच्याच बाजूला होतं, पण ती तिकडं वळली नाही. कालव्याच्या बांधानं, आईचं नाव असलेल्या पूर्वजांच्या देवघराकडे निघाली. बांध अरुंद आहे. आम्ही सगळे मधून चालतो. ती पाण्याच्या अगदी कडेनं चालली होती, डोंगराची बाजू मोकळी सोडून. मध्ये मध्ये पावलं आखूड करत होती, दमलेल्या माणसाबरोबर चालताना करतो तशी.

भट्टीघराच्या दारात आ-मान आणि युन-सुक उभे होते. यी-शेंग आत तारा गुंडाळत होता.

"हाक मारू का तिला?" आ-माननं विचारलं.

"नको," म्हातारा म्हणाला. "मारलीस तर तुला थांबावं लागेल."

पुढं कालव्यावर लाकडी फळी टाकलेली आहे. तिथं ती उभी राहिली, एक पाऊल मागं सरकली आणि मान किंचित झुकवली, थोरल्याला पुढं जाऊ देताना झुकवतात तशी. फळी हलली. मग तिनं तिच्यावर पाय ठेवला.

ती पलीकडे जाऊन पोफळींच्या मागं दिसेनाशी झाली तोवर दोघं बघत होते. मग युन-सुकनं पत्ती नसलेली सनई उचलून ओठांपाशी नेली आणि आ-मानकडे न बघता विचारलं, "फळी आधी हलली, की तिनं पाय आधी ठेवला?"